नव्वद दिवसांचा वायदा

५ जुलै १९७७ रोजी पाकिस्तानी लष्कराने पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांना पदच्युत करून ताब्यात घेतले. या कारवाईचे नाव होते ‘ऑपरेशन फेअर प्ले’. ९० दिवसांत निवडणुका घेऊन सत्ता सोडू, असा शब्द जनरल झिया-उल-हक यांनी देशाला दिला. भुट्टोंना एप्रिल १९७९ मध्ये फाशी झाली. झिया मात्र ऑगस्ट १९८८ मधल्या विमान अपघातात मरेपर्यंत सत्तेवर होते.

लोकांनी तो शब्द खरा का मानला? १९७७ च्या मार्चमधल्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे आरोप होते, विरोधकांचे आंदोलन चिघळले होते, रस्त्यावर रक्त सांडले होते. लष्करशहाची भाषा खऱ्या तक्रारीपासून सुरू होते, म्हणूनच ती धोक्याची. १९५८ मध्ये पाकिस्तानात सत्ता हाती घेताना जनरल अयुब खान राजकारण्यांच्या भ्रष्टाचाराबद्दल बोलत होते आणि त्यातही तथ्य होते. पण जिला त्यांनी ‘क्रांती’ म्हटले, तिने १९५९ मध्ये होऊ घातलेली पहिली सार्वत्रिक निवडणूकच रोखली. वाईट राजकारण्यांना घरी पाठवण्याचा लोकांचा हक्क लोकांच्याच नावाने काढून घेतला गेला.

डिसेंबर १९८४ मधले झियांचे सार्वमत तर मतदाराची उघड फसवणूक होती. कायदे इस्लामला अनुरूप करण्याच्या प्रक्रियेला तुमचा पाठिंबा आहे का, एवढेच मतपत्रिकेवर विचारले होते. ‘हो’ म्हणजे झियांना आणखी पाच वर्षे अध्यक्षपद, असा अर्थ सरकारने आधीच लावून ठेवला होता. श्रद्धाळू माणसाने ‘नाही’ म्हणायचे तरी कसे? अधिकृत निकालात ९७ टक्क्यांहून अधिक होकार निघाला.

शब्दांचा असाच खेळ म्यानमारमध्येही झाला. तिथे २०२१ साली सत्ता बळकावून लष्कराने एका वर्षाची आणीबाणी जाहीर केली आणि मग ती पुन्हा पुन्हा वाढवली. ‘लष्करी बंड’ हा शब्द छापू नका, अशी तंबी वृत्तपत्रांना मिळाली. अशा वेळी पत्रकाराने सत्ताधाऱ्यांचा शब्द उचलणे म्हणजे त्यांच्या बाजूने साक्ष देणे.

न्यायालयांनीही अशी साक्ष दिली आहे. १९७७ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘गरजेचा सिद्धांत’, म्हणजे गरजेपोटी केलेली घटनाबाह्य कृतीही वैध, हे मान्य करून झियांना कायदेशीर आधार दिला. १९९९ मध्ये सत्ता बळकावताना जनरल परवेझ मुशर्रफ यांनी ‘मार्शल लॉ’ हा शब्द टाळून ‘चीफ एक्झिक्युटिव्ह’ हे पद घेतले. जानेवारी २००० मध्ये सरन्यायाधीश सईदुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी नव्या राजवटीची शपथ नाकारली, पद गमावले. उरलेल्या न्यायालयाने त्याच वर्षी मुशर्रफ यांना तीन वर्षांची मुदत दिली, वर राज्यघटनेत दुरुस्त्या करण्याची मुभाही. पुढे विशेष न्यायालयाने मुशर्रफ यांना देशद्रोहाबद्दल फाशी सुनावली, ती २०१९ मध्ये आणि त्यांनी २००७ मध्ये लादलेल्या आणीबाणीसाठी. निवडून आलेले सरकार उलथवल्याबद्दल, म्हणजे १९९९ साठी, त्यांच्यावर खटला चाललाच नाही.