नेपथ्य अनुरूप होते!

मराठी नाट्यपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद न वाचताही सांगता येतो. नेपथ्य अनुरूप, प्रकाशयोजना साजेशी, पार्श्वसंगीत परिणामकारक. या विशेषणांमागे एक ठाम समजूत आहे: नाटकातला संघर्ष शब्दांत असतो, समाज बदलतोय हे पात्रं बोलून सांगतात, आणि रंगमंचावरची उरलेली खटपट म्हणजे सजावट. देवल-गडकऱ्यांच्या भाषेवर पोसलेल्या प्रेक्षकाला ती पटतेही. पण ती चुकीची आहे.

या पक्षाचा आवडता दाखला 'घाशीराम कोतवाल'. नाचगाणी काढा, म्हणतात, मग उरतं काय? नाना फडणवीस हा एक लंपट कारभारी, घाशीराम हा एक सूडाने पेटलेला बाप, आणि ढोबळ गोष्ट. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. तेंडुलकरांची संहिता नुसती वाचली तर गोष्ट ढोबळ वाटतेच. पण डिसेंबर १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी पुण्यात उभी केली ती नुसती गोष्ट नव्हती. ती एक भिंत होती. ओळीने उभे राहिलेले धोतर-उपरण्यातले ब्राह्मण. प्रेक्षकांकडे पाठ केली की भिंत, वळले की कीर्तनाला जमलेली मंडळी, जरा सैलावले की कलावंतिणींची बावनखणी. चंदावरकरांच्या संगीतात भक्तिगीताला लगटून लावणी येते आणि कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचालींत तेच गुडघे, त्याच माना दोन्हींवर डोलतात. कपडे बदलायला कोणी विंगेत जात नाही. देवळातला आणि बावनखणीतला माणूस एकच, हे वाक्य म्हणायची पाळी त्यामुळे कुणावर येत नाही. म्हटलं असतं तर ते भाषण झालं असतं, आणि भाषणाला उत्तर देता येतं.

घाशीरामचा खरा झगडा नानाशी नाहीच. कनोजहून आलेल्या या उपऱ्याला शहर आत घेत नाही, चोर ठरवून हाकलतं. तो पोटची पोर देऊन कोतवाली मिळवतो तेव्हा हेच शहर त्याच्यापुढे वाकतं, आणि नानाने हात काढून घेतल्यावर त्याला ठेचतं. सत्ता हलते, भिंत हलत नाही. नाटकाचं समाजविश्लेषण म्हणतात ते हेच, आणि ते संवादांत शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागणार नाही. आता कोणी या भिंतीला कवायत म्हणो!

लोकनाट्याच्या घाटात हे खपून जातं, वास्तववादी नाटकात काय, असा पुढचा प्रश्न येतो. तर एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घ्या. १९८५ मध्ये विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. धरणगावकर देशपांड्यांच्या दारात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. अंधारात माणसं त्याच्यावर आपटतात. नवी शेती दारापर्यंत आली आणि तिथेच गंजली, हे त्या धुडाने सांगून टाकल्यावर वऱ्हाडातल्या जमीनदारीच्या पडझडीवर व्याख्यान कशाला हवं? आणि रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवून उभी राहिलेली वहिनी: त्या सोन्याकडे नीट पाहिलं तर वाड्याचा ताळेबंद कळतो.

त्याही आधी, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. रंगवलेले पडदे गेले, तीन भिंतींची खोली आली, स्त्रीपात्रं स्त्रियांनीच केली. लग्नाआधीच्या चारित्र्याचा जाब पुरुषाला विचारणारी नायिका पुरुषानेच उभी केली असती, तर त्या प्रश्नात जीव राहिला असता का?

याचा अर्थ पाठीमागे एलईडी पडदा लावून मोर्चा दाखवला की समाजबदल झाला, असा मात्र नाही. पडदा उघडताच दिवाणखान्याला टाळी पडते, तेव्हा बहुधा नेपथ्यकार जिंकलेला आणि नाटक हरलेलं असतं. जी वस्तू काढून टाकली तरी प्रयोग तसाच चालतो, ती सजावट. जिच्याशी पात्रांना झटावं लागतं, जिच्यावर ती आपटतात, जिच्यामागे लपतात, ती नाटकाची भाषा. 'घाशीराम'मधली भिंत काढून पाहा: घाशीरामला दगड मारायला रंगमंचावर कोणी उरणार नाही.