आभाळ बदलून मिळेल

ढगांच्या फोटोला फिल्टर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सूर्यास्त, मांजर, मिसळीची प्लेट यांचं काय हवं ते करा. माझं भांडण ढगांपुरतं आहे, आणि त्यातही क्वचित दिसणाऱ्या ढगांपुरतं.

२००६ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स इथे एका बाईंनी आभाळाचा फोटो काढला. खवळलेला समुद्र खालून बघावा तसं ते आभाळ होतं. फोटो ब्रिटनमधल्या 'क्लाउड अप्रिसिएशन सोसायटी'कडे गेला. गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी २००५ साली काढलेली ही हौशी मंडळींची संस्था. तसलेच फोटो इतर ठिकाणांहूनही येत गेले, या ढगाला स्वतःचं नाव हवं म्हणून संस्थेनं लकडा लावला, आणि २०१७ साली जागतिक हवामान संघटनेनं आपल्या आंतरराष्ट्रीय मेघकोशात 'अ‍ॅस्पेरिटास' दाखल केला. कोश साधासुधा नाही, त्याची पहिली आवृत्ती १८९६ची. एवढ्या जुन्या दप्तरात रस्त्यावरच्या माणसांच्या कॅमेऱ्यानं भर घातली, कारण त्या फोटोंवर विश्वास ठेवता आला.

आता हा अ‍ॅस्पेरिटास ओळखायचा कशावरून? ढगाच्या पोटाखालच्या लाटांवरून, आणि त्या लाटा कळतात उजेड-अंधारातून. नेमका तोच उजेड-अंधार आजचा फोन ढवळून काढतो. आपण बटण एकदा दाबतो. फोन अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर रचतो, आणि पुष्कळ फोन आभाळ कुठलं, इमारत कुठली हे ओळखून दोघांची वेगवेगळी रंगरंगोटी करतात. वर आपण 'डीहेझ'ची पट्टी सरकवली की श्रावणातला साधा करडा ढगही प्रलयाच्या आदल्या दिवसासारखा दिसतो. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'युजरला आवडतंय ना?' इथे मीटिंग संपते, हे रोज बघतो. फोटोशॉपमध्ये तर २०२० पासून आख्खं आभाळच बदलून मिळतं. शर्ट बदलून मिळावा तसं, आणि बिलही मागत नाहीत.

यावर फोटोग्राफीतले जाणकार गुस्ताव्ह ल ग्रे यांचं नाव पुढे करतात. या फ्रेंच गृहस्थांनी १८५०च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलं. त्यांचे तेच ढग एकाहून अधिक चित्रांत सापडतात. मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्या काळच्या काचेवर समुद्र नीट उमटवायला गेलं की आभाळ पांढरंफटक पडायचं, म्हणून ही खटपट. शिवाय ते चित्र करत होते. 'काल अमुक ठिकाणी हा ढग होता' असा दावा त्या चित्रांचा नव्हता. आपल्या ग्रुपवर फोटो येतो तो मात्र याच दाव्यानं: 'बघा, आत्ता आमच्याकडे!'

मे महिन्यात वळवाच्या एका संध्याकाळी पुण्यात मॅमॅटस दिसले. गडगडाटी ढगाच्या पसरलेल्या माथ्याखाली लोंबणाऱ्या पिशव्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सात फोटो आले, सातही जांभळे. मी गच्चीवरच होतो. आभाळ पिवळट करडं होतं, ओल्या गोणपाटासारखं, आणि इतकं विलक्षण की जांभळ्याची गरज कोणाला का वाटावी ते मला अजून कळलेलं नाही. फोटो कुठल्या दिशेचा, किती वाजता काढला, असं विचारलं तर उत्तरादाखल तीन बदाम आले.

बरं, फाइललाही विचारायची सोय नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाण गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. तेव्हा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, खाली वेळ आणि दिशा लिहा. जांभळी प्रत वेगळी ठेवा, खुशाल स्टेटसला लावा. मी तिलाही बदाम देईन.