हरलेल्याला पुढचा सामना हवा

बास्केटबॉलच्या अजिंक्यपदाची मालिका आणि नायगाव यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे बाजारगाव. इथे पोरे क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात आणि माळेगावच्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल पाहायला जातात. बास्केटबॉलच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. तरीही बोस्टन आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांच्या संघांतील जुन्या वैरात आमच्या मुलांच्या कामाचे काहीतरी आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

अमेरिकेतील एन.बी.ए.चे अजिंक्यपद एका सामन्यात ठरत नाही. दोन संघ सात सामन्यांच्या मालिकेत भिडतात आणि आधी चार सामने जिंकेल तो विजेता. बोस्टन सेल्टिक्स आणि लेकर्स हे संघ १९५९ ते २०१० या काळात या मालिकेत बारा वेळा समोरासमोर आले. त्यातल्या पहिल्या आठही मालिका बोस्टनने जिंकल्या. १९६९ साली तर सातवा, निर्णायक सामना लॉस एंजेलिसमध्ये होता. लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी आधीच छताला फुगे बांधून ठेवले होते. बोस्टनने १०८-१०६ असा विजय मिळवला आणि फुगे वरच लटकत राहिले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला मिळाला!

१९८४ साली मॅजिक जॉन्सनचा लेकर्स आणि लॅरी बर्डचा बोस्टन पुन्हा सातव्या सामन्यापर्यंत लढले आणि पुन्हा बोस्टनच जिंकले. दुसऱ्याच वर्षी, २७ मे १९८५ रोजी, नव्या मालिकेचा पहिला सामना झाला. बोस्टनने लेकर्सचा १४८-११४ असा धुव्वा उडवला. अडतीस वर्षांचा करीम अब्दुल जब्बार त्या दिवशी अगदीच थकलेला दिसला. त्याचे दिवस भरले, असे लोक उघड बोलू लागले. पण दुसऱ्या सामन्यात याच करीमने ३० गुण केले, १७ वेळा चेंडू हस्तगत केला आणि संघाला जिंकून दिले. लेकर्सने ती मालिका चार विरुद्ध दोन अशी जिंकली, तीही बोस्टनच्याच मैदानावर. आठ पराभवांनंतरचा तो पहिला विजय होता. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर करीम!

आता कल्पना करा की ही स्पर्धा आपल्या पद्धतीने खेळवली गेली असती. २७ मेच्या रात्रीच सारे आटोपले असते. करीमला म्हातारा ठरवून लोक घरी गेले असते.

आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत बहुधा हेच होते. तालुका, मग जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य, अशी ही उतरंड आहे. सामने बाद पद्धतीचे. जो हरला तो गेला. वर्षभर सराव केलेला संघ सकाळच्या एस.टी.ने नांदेडला जातो, पहिलाच सामना गमावतो आणि दिवेलागणीला परत येतो. अशी पोरे नायगावच्या बसस्थानकावर उतरताना मी अनेकदा पाहिली आहेत. आपण कुठे चुकलो हे त्यांना त्या दिवशी नेमके कळलेले असते. पण ती चूक सुधारून दाखवायला पुढचा सामनाच नसतो. मग वर्ष जाते, वयोगट बदलतो, दहावी येते आणि खेळ सुटतो.

जो जिंकतो त्याचेही फार भले होते असे नाही. प्रमाणपत्र मिळते, त्यावर परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती असाव्यातच. पण सारे काही एका प्रमाणपत्रावर आणि ते एका सामन्यावर अवलंबून असले की खेळापेक्षा पंचांशी हुज्जतच जास्त होते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. शासकीय स्पर्धा आहेत तशा चालू द्याव्यात. पण शेजारच्या दोन गावांनी आपसात मालिका सुरू करावी. नायगाव आणि नरसी घ्या. दिवाळीनंतर सात शनिवार, कधी त्यांचे मैदान, कधी आमचे. खेळ कबड्डी असो, खो-खो असो, नाहीतर बास्केटबॉल. ना मोठा खर्च, ना मुक्काम, ना मंडप.

यावर लोक म्हणतील, गावागावांत आधीच कमी भांडणे आहेत का? शंका रास्त आहे. १९८४ च्या त्या मालिकेतही बोस्टनच्या केव्हिन मॅकहेलने लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला हवेतच गळ्याशी हात घालून आदळले होते. पण त्याच वैराची दुसरी बाजूही आहे. एका बुटाच्या जाहिरातीसाठी मॅजिक जॉन्सन बर्डच्या गावी गेला, त्याच्या आईच्या हातचे जेवला आणि दोघांची मैत्री झाली. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ते एकाच संघातून खेळले. वर्षातून एकदा भेटणारा प्रतिस्पर्धी परकाच राहतो. सात वेळा भेटणाऱ्याचे नाव, त्याची खोड, त्याची जिद्द आपल्याला कळते.

आणि हे अमेरिकेतच घडते असेही नाही. मुंबईच्या नागपाड्यात शेजारशेजारच्या संघांच्या चुरशीतूनच बास्केटबॉल वाढला. भारताचा कर्णधार झालेला आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसीर याच गल्ल्यांतून पुढे आला.

आमच्या भागाला चुरस नवी नाही. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २००९ साली दोन्ही जिल्हे किती पेटले होते, ते सर्वांना आठवत असेल. त्या इरेचा थोडा अंश मैदानावर उतरला, तर नांदेड-लातूर ही मालिकाही एक दिवस होईल. पण सुरुवात जवळून करावी. येत्या दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी कोणीतरी जिंकेल, कोणीतरी हरेल. हरलेल्या पोरांना मास्तरांनी त्याच संध्याकाळी सांगावे, पुढच्या शनिवारी नरसीला जायचे आहे, उद्या सकाळी सहाला मैदानावर या.