आरक्षण आहे, वाली नाही

कोणत्याही महापालिकेचा विकास आराखडा पाहा. मैदान, बगीचा, वाचनालय, नाट्यगृह यांच्या आरक्षणांची त्यात वानवा नसते. कागदावर कोणी हात आखडता घेत नाही. पण रस्त्यासाठी राखलेली जागा मिळाली नाही, तर रस्ते विभागाचे काम अडते. जलकुंभाची जागा गेली, तर पाणीपुरवठ्याचा अभियंता आयुक्तांच्या दारात जाऊन बसतो. मैदान मिळाले नाही म्हणून पालिकेत कोणाचेच काम अडत नाही. उद्यान विभाग असतो, पण त्याचे काम ताब्यात आलेली बाग राखण्याचे. न आलेली मिळवण्याचे नव्हे. नाट्यगृहाला तर ते बांधून होईपर्यंत कोणी विचारत नाही. पैशाची चणचण आणि बिल्डरांची हाव ही कारणे खरीच. पण त्यांचे फावते ते या बेवारसपणामुळे.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम १२७ सांगते, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने नोटीस बजावावी; त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण सुटते. या तरतुदीवर तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. एखाद्याची जमीन विकतही घ्यायची नाही आणि त्याला वापरूही द्यायची नाही, हे कुठवर चालावे? शिवाय नोटिशीनंतरची मुदत मुळात सहा महिन्यांची होती. ती आधी १२ आणि मग २४ महिन्यांवर गेली. पालिकांना सवलत वाढतच गेली. पण दोन वर्षे त्या फायलीचा पाठपुरावा करणारे खातेच नसेल, तर मुदत कितीही वाढवा.

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे जमीन विकत घेण्याचाही प्रश्न नव्हता. १९९१ च्या नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे पुनर्विकासाला येणाऱ्या जागेची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी ठरली होती: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. मामला सुमारे ६०० एकरांचा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेडखालची जमीन त्यातून निसटली. गिरणीत शेड सोडून मोकळे असते ते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की मोकळ्या जागेसाठी कोर्टाची पायरी चढली ती एक पर्यावरणवादी संस्था. जिच्या पदरात ती जमीन पडायची होती, ती पालिका नव्हे. कामगार रंगभूमी, भजनी मंडळे आणि कबड्डीचे संघ पोसणाऱ्या परळ-लालबागच्या वाट्याची जागा अशी गेली.

नाट्यगृहे तोट्यात चालतात, मग नवी कशाला, असे विचारले जाते. तोटा खरा आहे. पण तो बहुतेकदा हजार खुर्च्यांच्या वातानुकूलित वास्तूचा असतो, आणि हौशी संस्थांना तेवढी वास्तू नकोच असते. त्यांना तालमीला एक खोली आणि दीडशे माणसे बसतील असा मंच पुरतो, फक्त तो घराजवळ हवा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान आणि त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे केले. पैलवान आणि नट यांना गावातच, एकमेकांशेजारी जागा मिळाली. ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडले, तेव्हा अख्खे कोल्हापूर हळहळले. राजाचे ठीक होते, जमीनही त्याची आणि खजिनाही त्याचा, असे कोणी म्हणेल. पण पालिकाही जमिनीच्या बाबतीत कफल्लक नाही. तिच्या शाळांची पटांगणे आणि सभागृहे संध्याकाळी कुलपात असतात. आराखड्यात त्यांची नोंद ‘शाळा’ एवढीच होते, आणि सहानंतर त्यांचे काय करायचे हा विचार नगररचनेच्या कक्षेत येतच नाही.

घरे नाहीत तिथे ही चैन कशाला, हा आक्षेप जास्त जड आहे. चैन म्हणावे, तर घटनेच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत उद्याने, मैदाने आणि सांस्कृतिक कार्याला चालना देणे हे विषय पाणी आणि रस्त्यांच्या पंगतीला बसले आहेत. शिवाय मोठ्या सोसायटीत राहणाऱ्याला क्लब हाऊस असते; पुनर्वसनात ३०० चौरस फुटांचे घर मिळालेल्याच्या मुलाला बाहेरचे मैदान हेच काय ते अंगण. मैदानापेक्षा रुग्णालय बरे, असेही म्हणतात. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने खासगी रुग्णालयासाठी दिला गेला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. तो खटलाही लढवला होता परिसरातल्या रहिवाशांनीच.

म्हणून आपल्या शहराचा आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल, तेव्हा मैदान दाखवले आहे एवढे पाहून थांबू नका. ते कोणते खाते घेणार, कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पातून घेणार आणि पुढे कोण चालवणार, हे लिहिलेले नसेल, तर मुदत संपण्याआधी लेखी हरकत नोंदवा.