जोडीचा अर्धा तास

नावाजलेले गायक एकत्र आले की बहुधा एका गाण्यावर भागवतात. कोलंबियाचा जे बाल्विन आणि पोर्तो रिकोचा बॅड बनी यांनी मात्र २८ जून २०१९ रोजी, फारसा गाजावाजा न करता, अख्खा अल्बमच बाहेर काढला: ‘ओआसिस’. गाणी आठ, वेळ जेमतेम अर्धा तास. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’ यादीत तो थेट नवव्या क्रमांकावर उतरला, लॅटिन अल्बमांत पहिल्या. तेही स्पॅनिशच्या जोरावर.

आकडे बाजूला ठेवून ‘ला कान्सिओन’ ऐका. संथ ठेका, मागे उदास ट्रम्पेट; बाल्विनचा आवाज मऊ, बनीचा जड, किंचित नाकातला. ‘उन पेसो’त तर अर्जेंटिनाचा रॉकगायक मार्सियानो कांतेरो येतो. रेगेटॉनच्या, म्हणजे लॅटिन नाचगाण्यांच्या, अल्बममध्ये हे धाडसच, आणि मला सगळ्यांत आवडलं ते हेच गाणं.