गाव गप्प, मांजर बोलकं

खून झालेल्या गावात कुत्रं बोलायला लागलं की वाचकाला हायसं वाटतं. मला संताप येतो, आणि तो का येतो ते मी सविस्तर सांगणार आहे.

इंग्रजीत हा प्रकार जुना आणि हमखास खपाचा. टुमदार गाव, चहा, केक, एक चौकस बाई आणि एक प्रेत. अगाथा ख्रिस्तीने 1930 साली 'मर्डर ॲट द व्हिकारेज' लिहून मिस मार्पलला कादंबरीत आणलं, तेव्हापासून हे आटोपशीर गाव पुस्तकांच्या दुकानात ठाण मांडून आहे. 1966 मध्ये लिलियन जॅक्सन ब्राउनने त्यात सयामी बोका सोडला. रिटा मे ब्राउनने पुढची पायरी गाठली. 1990 च्या 'विश यू वेअर हिअर'मध्ये व्हर्जिनियातल्या क्रोझे गावची मांजर आणि कॉर्गी कुत्री आपापसात बोलत खुनाचा माग काढतात, आणि सहलेखिका म्हणून पुस्तकावर ब्राउनबाईंच्या मांजरीचं नाव आहे, स्नीकी पाय ब्राउन. या जातीच्या पुस्तकांना 'कोझी' म्हणतात. त्यांत रक्त दिसत नाही, रडणं ऐकू येत नाही, आणि शेवटच्या पानावर गाव पुन्हा पहिल्यासारखं गोड होतं. अमेरिकेतल्या वाचकाने काय वाचावं हे ठरवणारा मी कोण? माझं भांडण वेगळं आहे.

हे खूळ आता आमच्याकडे येऊ घातलं आहे. मुंबईच्या एका तरुण लेखकाने आपलं हस्तलिखित माझ्याकडे वाचायला पाठवलं. जागा मुरबाड. धुकं, माळशेजचे धबधबे, फार्महाऊस. निवृत्त बँक अधिकारी बाई, तिचा लॅब्राडोर आणि एक बोका, दोघेही फर्डं मराठी बोलणारे. शेजारच्या बंगल्यात खून होतो. गावची माणसं म्हणजे दूधवाला, माळी, भांडी घासणारी बाई आणि दाढी वाढवलेला एक भगत. तीनशे पानांत या चौघांना मिळून दहा वाक्यं नाहीत. बोका मात्र पानोपानी बोलतो.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझं आयुष्य गेलं. चार बुकं शिकलेला, सही करू शकणारा माणूस म्हणून पोलिसांनी मला पंच म्हणून उभं केलेलं आहे. गोठ्याच्या दाराशी प्रेत, वर पोतं टाकलेलं. हवालदार मांडीवर पॅड घेऊन लिहितोय. प्रेत उताणं, डोकं उत्तरेला, उजव्या पायातली चप्पल चार फुटांवर. गाव पंचवीस पावलांवर चिंचेखाली उभं. कोणी मारलं हे त्या चिंचेखालच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बांधावरून वर्षभर काय चाललं होतं, आदल्या रात्री कोण कुठून कुठे गेलं, सगळं ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा एकेकाने मान खाली घालून एकच उत्तर दिलं, "आम्ही झोपलो होतो साहेब." मयताचं कुत्रं पडवीत बांधलेलं. घराला पोलिसांचा पहारा, म्हणून दिवसभर त्याला कोणी खायला घातलं नाही. संध्याकाळी शेजारची लहान मुलगी भाकरीचा तुकडा घेऊन आली आणि शिपायाने तिला हाकलून दिलं.

त्या कुत्र्याला वाचा फुटली असती तर चिंचेखालच्या सगळ्यांची सुटका झाली असती. कोणाला बांध ओलांडून साक्ष द्यायला जावं लागलं नसतं, भावकीशी वैर घ्यावं लागलं नसतं. बोलणारं जनावर लेखकालाही हीच सोय करून देतं. खेड्यातल्या खुनात कोडं नसतंच. 'कोणी केलं' हे पहिल्या तासात सगळ्यांना माहीत असतं. अवघड असतं ते माहीत असलेलं माणसाने शपथेवर सांगणं. ते का सांगितलं जात नाही, कोणाच्या शेतावर मजुरीला जायचं असतं, कोणाच्या विहिरीवरून पाणी आणायचं असतं, कोणाची मुलगी कोणत्या घरात दिलेली असते, या सगळ्याकडे पाठ फिरवायची असेल तर बोक्याला बोलकं करण्यासारखा सोपा मार्ग नाही.

तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये एका दलित शाळकरी मुलाला भरदिवसा, शाळेच्या आवारातून मारहाण सुरू करून ठार मारलं गेलं. शाळा म्हणजे काही निर्जन जंगल नव्हे. खटला उभा राहिला आणि साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तिथे पुरावा शोधायला मांजर कमी पडली नव्हती. माणसांनी मिठाची गुळणी धरली होती. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने 2017 साली कायदा केला, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना लागू केली. कायदा कागदावर आला. पण गावातल्या गावात, त्याच पाणवठ्यावर, साक्षीदाराला कोण आणि किती वर्षं सांभाळणार?

आणि मुरबाडच हवं असेल, तर मुरबाडचं सांगतो. मार्च 2024 मध्ये याच तालुक्यातल्या एका गावात करणी केल्याच्या संशयावरून एका म्हाताऱ्या माणसाला पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं. तो जिवंत राहिला. पण पाय भाजत असताना भोवती माणसं उभी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी जन्म वेचला, तो जादूटोणाविरोधी कायदा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्यावर झाला. दशक उलटून गेलं तरी आमच्याकडे एखाद्या म्हातारीचं नाव घेतलं जातं, आणि तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायलेली माणसं दुसऱ्या दिवशी तिच्या दारावरून जात नाहीत. त्या हस्तलिखितातला भगत हा धुक्यासारखाच देखाव्याचा एक भाग आहे. तरुण लेखकाला त्याच्या हातातलं लिंबू दिसलं. त्याने उच्चारलेलं नाव ज्या घरावर जाऊन पडतं, ते घर दिसलं नाही.

जनावरं तपासात असतात, ती मुकी असतात, आणि त्यांचं मुकेपण न्यायालयाने गंभीरपणे घेतलं आहे. 'अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा 1969 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढून वाचा. श्वानपथकातल्या कुत्र्याने दाखवलेल्या मागाला किती वजन द्यायचं हा तिथला एक प्रश्न होता. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने बोलतो तो त्याला हाताळणारा माणूस, म्हणजे ऐकीव गोष्ट. आणि माणसाचा जीव, माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. असे आक्षेप नोंदवून न्यायालयाने त्या पुराव्याला फारसं वजन दिलं नाही. आमच्या देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला जे कळलं, ते रहस्यकथा लिहिणाऱ्याला कळू नये?

"आपल्याकडेही जनावरं बोलतातच की," असं त्या तरुणाने मला फोनवर ऐकवलं. बोलतात. माळशेज घाट चढून ओतूरवरून पुढे जा, आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणात ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, तोच हा रेडा. मुरबाडहून एसटीने सहज जाता येतं. त्या कथेत रेडा का बोलला? वेद ज्यांच्या मालकीचे होते त्यांनी चार पोरक्या भावंडांना माणसांत घ्यायला नकार दिला, म्हणून. त्याने तोंड उघडलं आणि पैठणच्या विद्वानांची मान खाली गेली. आमच्या परंपरेत जनावर बोलतं ते माणसाला लाज वाटावी म्हणून. हस्तलिखितातला बोका बोलतो तो फार्महाऊसवाल्या वाचकाला शनिवारी रात्री शांत झोप लागावी म्हणून. दोन्हींना एका दावणीला बांधू नका.

करमणुकीचा मी शत्रू नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या हाताला लागतील तेवढ्या मी पोरवयात दिव्याच्या उजेडात संपवल्या आहेत आणि त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे. त्यांचा नायक काळापहाड काही समाजसुधारक नव्हता. पण तिथे दुष्ट माणूस दुष्ट असे, भित्रा भित्रा असे, आणि त्याचा उलगडा माणसालाच करावा लागे.

बोलणारा माणूस भेटतच नाही असंही नाही. मे 2012 मध्ये पेण तालुक्यातल्या जंगलात जळालेल्या प्रेताचे अवशेष सापडले आणि गावच्या पोलीस पाटलाने ते पोलिसांना कळवले. त्याने आपलं काम केलं. खुनाचा गुन्हा नोंदला गेला तो 2015 मध्ये, मुंबईत, शीना बोरा प्रकरण बाहेर आल्यावर. मधली तीन वर्षं त्या पाटलाचं सांगणं कागदांत पडून होतं. गरीब, खेडवळ माणसाने खरं सांगितलं तर पुढे काय होतं, ते ऐकायला कोण बसलेलं असतं, यात कादंबरीला पुरून उरेल एवढा ऐवज आहे. मालमत्ता, भीती, अब्रू, जात, सरकारी दप्तर, सगळं त्यात येतं. एवढं सोडून लॅब्राडोर कशाला हवा?

त्या तरुणाला मी हस्तलिखित परत केलं आणि स्पष्ट लिहिलं: लॅब्राडोर आणि बोका दोघांनाही काढून टाक. भांडी घासणाऱ्या बाईला खून दिसलेला आहे असं धरून पहिल्या पानापासून पुन्हा लिही. ती धसईकडच्या वाडीत राहते. खून करणारा ज्या घरातला, त्याच घरची खावटी तिच्या नवऱ्याने उचललेली आहे. समन्स आलं की तिला पहाटेची एसटी धरून कल्याणला सत्र न्यायालयात जावं लागतं. दिवसाची मजुरी बुडते, आरोपीचे भाऊ त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसलेले असतात, आणि दुपारी तीनला कळतं की आज वकील आले नाहीत, पुढची तारीख. ती परत येते, पुन्हा समन्स येतं, ती पुन्हा जाते. उलटतपासणीत तिला विचारतात, अंधारात तुला चेहरा कसा दिसला? या प्रश्नाला ती काय उत्तर देते ते तुला लिहिता आलं, तर पुस्तक छापून आल्यावर शहापुरातल्या वाचनालयासाठी दहा प्रती मी माझ्या पैशांनी घेईन.