पाना धरतानाही यत्नाचार हवा



पाणी गाळून जिवाणी जपून परत सोडणाऱ्या, भाजीचं पान न् पान उलटून बघणाऱ्या आपण बायका. पण अंगणात सायकल दुरुस्त करताना घरातल्या कुणाचं बोट चेनमध्ये सापडलं, की पटकन म्हणून मोकळ्या होतो, "असाता कर्माचा उदय, दुसरं काय!" मला हे पटत नाही.

कर्मसिद्धांत मी नाकारत नाही. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पुढे ठेवलं आहे. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्य सांगतात की कषायात सापडलेला जीव आधी स्वतःचाच घात करतो, मग दुसऱ्याचा होवो वा न होवो. आचार्य आत्म्याच्या घाताबद्दल बोलतात हे खरं. तरी ज्या बेसावधपणाने मुंगी चिरडते, त्याच बेसावधपणाने बोटही चिरडतं. मुंगीसाठी आपण प्रायश्चित्त घेतो आणि बोटाचं खापर कर्मावर फोडतो, हे कसं?

सायकलच्या जखमा नीट पाहिल्या तर त्यामागे नशीब कमी आणि घाई, राग, गप्पा जास्त दिसतात. सायकल डबल स्टँडवर लावलेली असते, एक मूल पेडल फिरवतं आणि दुसरं फडक्याने चेन पुसतं. चेन दात्यांवर जिथे चढते तिथे फडकं आधी ओढलं जातं, मागोमाग बोट. म्हणून चेन पुसताना पेडल फिरवणारा आणि पुसणारा एकच माणूस असावा. फडकं चेनच्या खालच्या बाजूला, दात्यांपासून लांब धरावं आणि पेडल हळूहळू उलटं फिरवावं. फिरत्या चाकाच्या तारांत बोट घालून चाक थांबवू नये. अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात, पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी.

दुसरी जखम रागाची. पेडल निघत नाही म्हणून जोर लावला जातो, पाना सटकतो आणि बोटांची पेरं थेट दात्यांवर आपटतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसलं की जितका जोर लावावा तितकं ते घट्ट होतं आणि राग वाढतो. नटाला नेमका बसणारा पाना घ्यावा आणि चेन दात्यांवर चढलेलीच ठेवावी, म्हणजे दाते झाकलेले राहतात. टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर तर नकोच. तो सटकला की सरळ तळहातात घुसतो. पंक्चरवाल्याकडे असते तशी टायर काढायची पट्टी घरात आणून ठेवावी.

मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे : वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलणं-ठेवणं. आपण श्राविका असलो तरी पाना, पक्कड, तेलाची बाटली यांना ही शिस्त लावायला कुणाची हरकत आहे? शाळेच्या वेळेला पाच मिनिटं उरली असताना पडलेली चेन बसवायला घेऊ नये. त्या दिवशी मुलाने चालत जावं. खांद्याला फोन लावून नट आवळू नये. विकथा हाही प्रमादच आहे.

आणि जखम झालीच तर हळद, चुना, कॉफी भरू नका. आधी वाहत्या पाण्याने धुवा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर तडक दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. बोट चेनमध्ये अडकलं असेल तर हिसका देऊ नका आणि कुणाला पेडल फिरवू देऊ नका. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक पुढे सरकवलं की चेन ढिली होते. तरीही निघत नसेल तर चेन कापावी, बोट ओढू नये. बोटाचा तुकडा पडलाच, तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्या. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका.

आता एक गोष्ट खास लेकींसाठी. एखादीच्या हाताला लागलं की घरात फर्मान निघतं, "मुलींनी पान्याला हात लावायचा नाही, भाऊ करेल." भावाच्या बोटाला काय हाडं नसतात? विळीने बोट कापलं म्हणून आपण मुलीला स्वयंपाकघरातून कधी बाहेर काढलं नाही, विळी कशी धरायची ते शिकवलं. क्लासहून अंधारात परतताना चेन पडली तर ती बसवता येणं ही तिच्या सुरक्षिततेचीच गोष्ट आहे. तिच्या हातातून पाना काढून घेऊ नका, तो धरायचा कसा ते शिकवा.

अहिंसेचा विचार करताना आपण नेहमी समोरच्या जीवाकडे पाहतो. तो विचार आपल्या दहा बोटांपर्यंतही यायला हवा. याच हातांनी आपण आहारदान देतो, जाप करतो, लेकरांना घास भरवतो. त्यांना जपणं हाही यत्नाचारच आहे.